जुन्या बुलेटची टकटक आणि पेट्रोलची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी कास्ट आयर्न बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स १०० अजूनही रोज किंवा निदान रविवारी चालवणारी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई२०) आल्यापासून त्यांच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "चढाला गाडी वाजते (म्हणजे पिंगिंग करते), कुठलं पेट्रोल टाकू?" माझं सरळ मत आहे की बहुतेक वेळा दोष पेट्रोलच्या ग्रेडमध्ये नसतो. तो टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत), कार्बनमध्ये, हवा खेचणाऱ्या जोडात किंवा चुकीच्या गिअरमध्ये असतो. महागडं पेट्रोल टाकून आवाज थोडा दबतो, दोष मात्र आत तसाच राहतो आणि पिस्टन खातो. खाली उदाहरणं जास्त करून बुलेटची दिली आहेत, पण नियम सगळ्याच एअर-कूल्ड गाड्यांना लागू आहेत.

पिंगिंग म्हणजे नक्की कुठला आवाज? आमची बुलेट तर उभ्या-उभ्याही टकटक करते.

उभी असताना, आयडलवर जी टकटक येते ती बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची असते. तिला पिंगिंग म्हणू नका. टॅपेटचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, गाडीवर भार असो वा नसो. पिंगिंग फक्त भाराखाली येतं. खंबाटकीचा चढ आहे, मागे माणूस बसलाय, गाडी टॉपमध्ये आहे, वेग पडतोय आणि तुम्ही थ्रॉटल पिळताय. अशा वेळी पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा कोरडा, किणकिणता आवाज टाकीखालून येतो. थ्रॉटल अर्धा सोडा, आवाज तत्क्षणी बंद. खाली गिअर टाका, बंद. हीच खरी परीक्षा. थ्रॉटल सोडूनही जो आवाज जात नाही तो दुसऱ्या कशाचा तरी आहे.

सकाळी गार इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा बोदा आवाज पिस्टन आणि बोअरमधल्या गॅपचा असतो. पिंगिंगचं उलट असतं. ते इंजिन तापल्यावर सुरू होतं.

आत होतं तरी काय?

प्लग ठिणगी टाकतो, ज्वाला तिथून पसरत जाते. ती पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायच्या आत, कोपऱ्यात दाबलं गेलेलं उरलेलं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं स्वतःहून पेटलं, तर ते जळत नाही, फुटतं. दाबाची लाट भिंतींवर आपटून मागेपुढे होते आणि अख्खं हेड वाजतं. बुलेट ३५० च्या ७० मिलिमीटर बोअरमध्ये त्या लाटेची वारंवारता सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास येते. म्हणून हा आवाज इतका तीक्ष्ण लागतो.

खरं नुकसान आवाजानं नाही, उष्णतेनं होतं. धातूच्या पृष्ठभागावर वायूचा एक पातळ, स्थिर थर असतो. तो धातूला ज्वालेपासून वाचवतो. ही लाट तो थर पुसून टाकते. मग पिस्टनच्या माथ्यावर वाळूनं मारल्यासारखे टिपके पडतात, रिंगच्या खाचा तुटतात, हेड गॅस्केट जातं.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं. कार्बनचा लाल झालेला कण किंवा अति गरम जातीचा प्लग हे करतो. त्याचा आवाज कित्येकदा येतही नाही, एकदम पिस्टनला भोकच पडतं. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार फेऱ्या धडधडत असेल, तर आत काहीतरी लाल होतंय एवढं नक्की समजा.

जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद ना?

नाही. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की दाबाखाली पेट्रोल स्वतःहून पेटायला किती विरोध करतं. १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर यांनी ही मोजपट्टी बसवली: नॉर्मल हेप्टेनला शून्य, आयसो-ऑक्टेनला शंभर. आपल्या पंपावरचे ९१, ९५, १०० हे आकडे रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे रॉन असतात. ते एका ठरावीक चाचणी-इंजिनावर ६०० आरपीएमला मोजतात. ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्यात १०० टाकलं तर इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग जुन्या बुलेटला किती लागतो?

याचं उत्तर गाडीच्या जन्मात आहे. ३५० बुलेटचं हे इंजिन इंग्लंडमध्ये रेडिचला १९४० च्या दशकाच्या शेवटी तयार झालं. महायुद्धापासून तिथे सगळ्या कंपन्यांचं पेट्रोल एकत्र करून 'पूल पेट्रोल' म्हणून विकलं जाई आणि ते १९५३ पर्यंत चाललं. त्याचा ऑक्टेन सत्तरीच्या थोडा वर, एवढाच. त्या पेट्रोलवर न वाजता चालावं म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो तो आकडा, कमी ठेवलं होतं. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटनं तीच मांडणी पुढे चालवली. ३४६ सीसी, ९० मिलिमीटर स्ट्रोक, कॉम्प्रेशन साडेसहा ते सव्वासातच्या आसपास.

सत्तर ऑक्टेनवर चालावं म्हणून घडवलेलं इंजिन ९५ ऑक्टेनवर वाजत असेल, तर पेट्रोलकडे बोट दाखवण्याआधी इंजिनाकडे बघायला नको का?

अपवाद आहेत. कोणी हेड घासून घेतलं असेल, उंच माथ्याचा पिस्टन टाकला असेल, गॅस्केट पातळ बसवलं असेल, तर कॉम्प्रेशन बदललं आणि हिशोबही बदलला. सेकंडहँड गाडी घेताना हे विचारून घ्या. २००८-०९ नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनात कॉम्प्रेशन साडेआठ आहे. तरीही साधं पेट्रोल त्याला पुरून उरतं.

पंपावर नक्की काय मागू?

मूळ इंजिन असेल तर साधं पेट्रोल. इथेनॉल मिसळण्याआधी आपल्या साध्या पेट्रोलचा किमान रॉन ९१ होता, ई२० साठी तो ९५ ठरवलेला आहे. म्हणजे ऑक्टेन घटलेला नाही, वाढलाय.

१०० ऑक्टेनच्या पेट्रोलचं कारण वेगळं आहे. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० जुन्या गाडीवाल्यांमध्ये 'बिनइथेनॉलचं पेट्रोल' म्हणून ओळखलं जातं. वर्षातले सहा महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी, टाकी आणि रबर जपण्यासाठी ते घेण्यात अर्थ आहे. साध्याच्या जवळपास दीडपट पैसे निव्वळ आवाज दाबायला घालवू नका. त्या पैशात ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट, कंडेन्सर आणि गॅस्केट येतं.

ऑक्टेन वाढला असेल तर ई२० नंतरच गाडी वाजायला का लागली?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई२० साठी हा आकडा साडेतेराच्या जवळ येतो. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. त्याच्या जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच पेट्रोल तो देणार. परिणामी मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं.

आता बघा, पूर्ण थ्रॉटलला कार्ब्युरेटर मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो. ते जास्तीचं पेट्रोल वाफ होताना इंजिनाची उष्णता शोषून घेतं. एअर-कूल्ड इंजिनात ही मोठी मदत असते, कारण तिथे रेडिएटर नाही. मिश्रण लीन झालं की हीच मदत कमी होते. इथेनॉल स्वतः वाफ होताना जास्त गारवा देतं हे खरं आणि ऑक्टेनही वाढतो, त्यामुळे नीट सेटिंग केलेली गाडी ई२० वर कमीच वाजायला हवी. पण जी गाडी आधीच लीन होती, ज्या कार्ब्युरेटरचा पायलट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा जेट) अर्धा बुजलेला आणि मॅनिफोल्डचा जोड हवा खेचत होता, ती या सात-आठ टक्क्यांनी काठावरून पलीकडे जाते. ई२० नं दोष निर्माण केला नाही, उघडा पाडला.

उपाय कार्ब्युरेटरमध्येच आहे. आधी तो साफ करा. मग ३५० च्या मिककार्ब व्हीएम२४ मध्ये सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. एअर स्क्रू आत फिरवला की पायलटचं मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, बाहेर काढला की लीन. पूर्ण थ्रॉटललाच वाजत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याच चढावर परत चालवून पाहा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. ई२० वर प्लग आधीपेक्षा थोडा फिका दिसतो, त्यानं घाबरू नका. मात्र चुन्यासारखा पांढरा दिसला तर थांबा.

हवा खेचतेय का ते बघायला इंजिन गार असताना चालू करा, आयडलवर ठेवा आणि कार्ब्युरेटर व हेडच्या मधल्या जोडावर ब्रशनं थोडं इंजिन ऑइल लावा. आयडल बदललं तर तिथे फट आहे.

टायमिंग घरी तपासता येतं का?

येतं, आणि प्रत्येक बुलेटवाल्यानं एकदा तरी स्वतःच्या हातानं करावं.

प्लग काढा. गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हातानं हळूहळू पुढे फिरवा. उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. दोन्ही मोकळे फिरत असतील तर तुम्ही कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर आहात. प्लगच्या भोकातून जुना स्पोक पिस्टनवर टेकवून वरचा बिंदू शोधा. पिस्टन तिथे पोचायच्या जरा आधी पॉइंट उघडायला हवेत. किती आधी, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला सिगारेटचा पातळ कागद दोन्ही टोकांत धरून हलका ताण द्या. ज्या क्षणी कागद सुटतो तो क्षण तुमचा. चावी चालू असेल तर अ‍ॅमीटरचा काटाही त्याच वेळी मध्यावर येतो. किक मारण्याआधी डिकॉम्प्रेसर दाबून आपण जो काटा बघतो, तोच हा.

एक गोष्ट पुष्कळ मेकॅनिकही विसरतात. पॉइंटचा गॅप वाढवला की ते लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी आधी पडते आणि टायमिंग आपोआप अ‍ॅडव्हान्स होतं. म्हणून आधी गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करा, मगच टायमिंगला हात लावा. "सर्व्हिसिंगनंतर गाडी वाजायला लागली" या तक्रारीमागे फार वेळा हेच निघतं.

गॅप आणि टायमिंग दोन्ही बरोबर असूनही कमी वेगाला वाजते? फेऱ्यांप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंग ढिल्या पडल्या असतील किंवा वजनं गंजून पुढेच अडकली असतील. किक उलटी मारत असेल तर संशय पक्काच धरा. घोटा मोडण्याआधी बघून घ्या.

कार्बन किती त्रास देतो?

पुष्कळ. कार्बन जागा खातो म्हणून कॉम्प्रेशन वाढतं, उष्णता धरून ठेवतो आणि त्याचा टोकदार कण लाल होऊन ठिणगीचं काम करतो. रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेल्या इंजिनात ऑइल जळतं आणि थर पटकन चढतो. सायलेन्सरमधून निळा धूर येणारी गाडी वाजत असेल तर हेड खोलण्यावाचून उपाय नाही. कार्बन लाकडी पट्टीनं किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्यानं खरवडा, स्क्रू ड्रायव्हर हेडला आणि पिस्टनला लावू नका. त्याचा प्रत्येक ओरखडा पुढे नव्या कार्बनला धरायला जागा देतो. जुने कारागीर पिस्टनच्या अगदी काठावरची कार्बनची बारीक कड तशीच ठेवतात, कारण ती ऑइल वर येऊ देत नाही. ही पद्धत मला पटते. व्हॉल्व्ह लॅप करून (घासून नीट बसवून) घ्या, गॅस्केट नवं टाका आणि इंजिन पहिल्यांदा तापून गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळा.

घाटात अचानक वाजायला लागली तर?

थ्रॉटल कमी करा, गिअर खाली घ्या. जुन्या उजव्या गिअरच्या बुलेटवर पहिला वर आणि बाकीचे खाली असतात हे सवय नसलेल्याला सांगून ठेवा, नाहीतर घाईत उलटंच होतं. टॉपमध्ये डुगडुग करत घाट चढण्यात अनेकांना मजा वाटते, इंजिनाला मात्र तीच सगळ्यात कठीण वेळ. वेग कमी म्हणून फिनवर हवा नाही, थ्रॉटल उघडा म्हणून दाब जास्त आणि फेऱ्या कमी म्हणून कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला भरपूर सवड. तिसऱ्यात चढवा. तरी थांबलं नाही तर सावलीत अर्धा तास उभी करा आणि ऑइल बघा. गरम इंजिनावर पाणी ओतू नका. ओतीव लोखंडाचा बोअर तडकतो.

पावसाळ्यात फिनमध्ये बसलेला चिखल पुढे उन्हाळ्यात गाडी तापवतो, हेही लक्षात असू द्या.

नागपूरच्या मे महिन्यात जास्त वाजते, लडाखला गेलो तर काय होईल?

४५ अंशांच्या हवेत पिंगिंग वाढणारच, कारण आत येणारं मिश्रणच गरम असतं. त्यातही विदर्भाची कोरडी हवा भर घालते. कोकणातला दमटपणा ज्वालेला किंचित गार ठेवतो, म्हणून तीच गाडी किनाऱ्यावर कमी वाजते. उंचीवर लोकांना वाटतं त्याच्या उलट घडतं. हवा विरळ, म्हणून सिलिंडरमधला दाब कमी आणि पिंगिंगही कमी. खार्दुंग ला खिंडीत गाडी दम टाकेल, काळा धूर काढेल, कारण तिथे मिश्रण रिच होतं, पण वाजणार नाही. लडाखसाठी म्हणून ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या नेण्याची गरज नाही. मात्र वर जाऊन जेट लहान केलात तर खाली उतरताना परत बदला. तो विसरला की मैदानात इंजिन लीन चालतं आणि सीज (जाम) होतं.

येझदी, राजदूत, आरएक्स १०० बद्दल काय?

टू-स्ट्रोकमध्ये पिंगिंग अधिक गंभीर धरा, कारण तिथे वंगणही पेट्रोलबरोबरच जातं. "ऑइल थोडं जास्त टाकलं की इंजिन सुरक्षित" हा समज घातक आहे. टाकीत जास्तीचं ऑइल पेट्रोलची जागा घेतं, मिश्रण लीन होतं, ऑक्टेन उतरतो आणि कार्बन वाढतो. मॅन्युअलमधलं प्रमाण पाळा. क्रँकचे सील जुने झाले असतील तर तिथूनही हवा शिरते.

इथेनॉलचा एक धोका प्रीमिक्स (टाकीतच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या) गाड्यांना खास आहे. टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल त्याला धरतं आणि प्रमाण वाढल्यावर दोघं मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. कॉक तळातून ओढतो, म्हणजे इंजिनात आधी जातं ते बिनवंगणाचं पाणी-इथेनॉल. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली येझदी बाहेर काढताना आधी कॉकमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

डांबरगोळ्या टाकल्या तर आवाज कमी होतो असं म्हणतात.

टाकू नका. त्यांचे स्फटिक थंडीत पेट्रोलमधून बाहेर येतात आणि जेट बुजवतात. जेट बुजला की मिश्रण लीन, म्हणजे पुन्हा पिंगिंग. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरचं म्हणाल, तर मूळ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्याची गरज नाही.

पेट्रोलमध्ये भेसळ असेल तर?

तर मात्र पेट्रोल दोषी. रॉकेलचा ऑक्टेन अगदी कमी असतो आणि थोडं मिसळलं तरी चांगली गाडी वाजू लागते. ठरावीक पंपावर भरल्यावरच आवाज येत असेल तर तपासणी मागा. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतात आणि ग्राहकानं मागितल्यावर तपासून दाखवावं लागतं. पेपरवर एक थेंब टाका. उडून गेल्यावर तेलकट डाग राहायला नको. घनता १५ अंशांवर ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर या मर्यादेत हवी आणि पंपाच्या नोंदीतल्या आकड्यापासून तीनपेक्षा जास्त हललेली नसावी.

हा हक्क बजावायला संकोच करू नका. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ करणाऱ्या टोळीनं जिवंत जाळलं. ही भेसळ रोखण्यासाठी महाराष्ट्रातल्या एका अधिकाऱ्यानं प्राण दिले आहेत.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते घरी कळेल?

अंदाज येतो. आगीपासून दूर, उघड्यावर, काचेच्या उभ्या मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घ्या. झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर दहाचा तीसच्या आसपास झाला तर इथेनॉल साधारण २० टक्के. तपासलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

शिसं गेल्यामुळे जुन्या गाड्या वाजतात का?

शिसं पिंगिंग रोखण्यासाठीच घालत, हे खरं. पण देशभर बिनशिशाचं पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून आहे, आणि कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनांना ऑक्टेन तेव्हाही पुरत होता, आताही पुरतो.

रबरी नळी दर वर्षी बदलावी का?

फुगलेली, चिकट किंवा तडकलेली दिसली की लगेच. ई२० ला चालेल अशीच मागा. कॉकचे वॉशर आणि फ्लोट चेंबरचं गॅस्केटही त्याच वेळी बघा. नळीचे सुटलेले कण जेटमध्येच जातात.

मी अमेरिकेत असतो. भारतातून आणलेल्या बुलेटला इथलं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल चालेल का?

चालेल. तिथला आकडा रॉन आणि मोटर ऑक्टेन यांची सरासरी असतो, म्हणून लहान दिसतो. तिथलं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९१-९२. तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे सुईची क्लिप वर सांगितल्याप्रमाणे एकदा तपासून घ्या. हिवाळ्यात गाडी उभी करणार असाल तर त्याआधी टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करा.